पहिलीत येणाऱ्या मुलाची तयारी कशी पाहायची: मेळाव्यात पहिल्यांदाच टेबल सांभाळणाऱ्यांसाठी

दर एप्रिलला शाळापूर्व तयारी मेळावा जवळ आला की आमच्या शाळेत मदतीला नवी माणसं येतात. नुकत्याच रुजू झालेल्या शिक्षिका, शेजारच्या वाडीवरची नवी अंगणवाडी सेविकाताई, गावातली बारावी झालेली पोरंपोरी. हातात विकासपत्रांचा, म्हणजे प्रत्येक मुलाला काय जमतं ते नोंदवायच्या कागदांचा, गठ्ठा दिला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "बाई, किती आलं तर पास?"

पास-नापास इथे काहीच नाही. समोरचं लेकरू जूनमध्ये माझ्या वर्गात बसणारच आहे. त्याच्याबरोबर मी कुठून सुरुवात करायची आणि मधल्या दोन महिन्यांत त्याच्या आईने घरी काय करून घ्यायचं, एवढंच आपल्याला शोधायचं असतं. हे डोक्यात पक्कं बसलं की बाकीचं काम सोपं जातं.

महाराष्ट्रात हे मेळावे २०२२ साली 'पहिले पाऊल' या नावाने सुरू झाले. कोरोनामुळे अंगणवाड्या बंद राहिल्या होत्या आणि दोन वर्षं कुठल्याच वर्गात न बसलेली मुलं थेट पहिलीच्या दारात उभी होती. पहिला मेळावा एप्रिलमध्ये, दुसरा जूनमध्ये शाळा उघडताना, आणि मधल्या आठवड्यांत माता गटांमार्फत, म्हणजे वस्तीतल्या आयांच्या छोट्या गटांमार्फत, घरचा सराव, अशी त्याची बांधणी आहे. मेळाव्यात सात टेबलं असतात: नावनोंदणी, शारीरिक विकास, बौद्धिक विकास, सामाजिक आणि भावनिक विकास, भाषा, गणनपूर्व तयारी आणि शेवटी पालकांशी बोलणं.

कायद्याचं एक कलम प्रत्येकाला तोंडपाठ हवं. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १३. प्रवेश देताना मुलाची किंवा पालकांची चाळणी लावता येत नाही. लावली तर पहिल्या वेळी २५,००० रुपयांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येक वेळी ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. म्हणून मेळाव्यातल्या नोंदीवरून कुणी "याला पुढच्या वर्षी आणा" असं म्हणू लागलं, तर तिथल्या तिथे थांबवा. सहा वर्षांच्या मुलाची तयारी कमी दिसली, तर त्याला शाळेची गरज जास्त आहे.

आदल्या दिवशी

सामान विकत आणू नका. चिंचोके, खडे, बाटल्यांची झाकणं, जुनी वर्तमानपत्रं, सुतळी, रंगखडू, बोथट टोकाच्या दोन-तीन कात्र्या, चेंडू, मळलेल्या कणकेचा गोळा. ओवायला मणी घेणार असाल तर मोठे घ्या. लहान भावंडं हमखास बरोबर येतात आणि बारका मणी नाकात जायला वेळ लागत नाही.

चित्रं मात्र निवडून ठेवा. एकदा भाषेच्या टेबलावर मी समुद्रकिनाऱ्याचं चित्र ठेवलं होतं, छत्र्या आणि वाळूचे किल्ले असलेलं. आमच्या भागातल्या मुलांनी समुद्र पाहिलेला नाही. निम्मी मुलं गप्प बसली आणि मदतनीसाने "वर्णन करता येत नाही" असं लिहून टाकलं. दुपारनंतर मी बाजाराचं चित्र लावलं, तेव्हा त्यातल्याच एका मुलीला थांबवावं लागलं, इतकी ती बोलत होती. ती सकाळची नोंद तशीच राहिली असती, तर माझ्या वर्गात ती पहिल्या दिवसापासून "अबोल" ठरली असती.

टेबलं सुद्धा लागतीलच असं नाही, सतरंज्या बऱ्या. मूल आणि तुम्ही एकाच उंचीवर बसता.

नोंदणी करताना

या टेबलावर बहुतेक जण घाई करतात आणि पुढच्या सगळ्या नोंदींचा अर्थ इथेच बिघडतो.

जन्मतारीख नीट लिहा. आपल्याकडे पहिलीसाठी ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण होण्याची अट धरतात. डिसेंबरअखेर सहा पूर्ण करणारं मूल जूनमध्ये जेमतेम साडेपाच वर्षांचं असतं. त्याच्या शेजारी जानेवारीत सहा पूर्ण झालेलं मूल बसतं. दोघं एकाच वर्गात, अंतर जवळजवळ वर्षाचं, आणि या वयात एक वर्ष म्हणजे आयुष्याचा सहावा हिस्सा. धाकटं मूल कात्री वाकडी चालवतं म्हणून ते मागे आहे असं होत नाही. विकासपत्राच्या कोपऱ्यात मी वर्षं आणि महिने मोठ्या अक्षरात लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या प्रत्येक टेबलावरच्या माणसाला ते आधी दिसतं. जन्मदाखला नसला तरी मूल परत पाठवायचं नाही. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हेही त्याच कायद्यात आहे.

मग तीन गोष्टी विचारा. घरी कोणती बोली बोलतात? गेले सहा महिने मूल कुठे होतं? अंगणवाडीत किती नियमित जात होतं? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बीड-अहिल्यानगरकडे अनेकदा "कारखान्यावर" असं येतं. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला गेलेलं कुटुंब मार्च-एप्रिलमध्ये परततं. कोपीवर, म्हणजे ऊसतोड कामगारांच्या झोपडीत, राहिलेल्या त्या लेकराने खडू हातात धरलेला नसतो, पण बैलाला पाणी पाजलेलं असतं आणि धाकट्या बहिणीला दिवसभर सांभाळलेलं असतं. हे नोंदणीतच कळलं तर शारीरिक आणि भावनिक टेबलावरची मंडळी त्याच्याकडे वेगळ्या नजरेने पाहतात.

अंग आणि हात

पहिलं खेळाचं टेबल हेच ठेवा. उड्या मारून झाल्या की मुलाची भीती निम्मी उतरते. जमिनीवर खडूने रेघ ओढा, तिच्यावरून चालायला सांगा. एका पायावर लंगडी, दोन्ही पायांनी उडी, चेंडू फेकणं आणि झेलणं. स्वतः करून दाखवा, नुसतं तोंडाने सांगू नका. सूचना न कळणं आणि उडी न येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बोटांसाठी कागदाची घडी, मणी ओवणं, रेघेवरून कातरणं, कणकेचा साप करणं. लिहायला लावू नका. गावात आता साडेतीन-चार वर्षांच्या मुलांना वहीभर मुळाक्षरं गिरवायला देणारे वर्ग निघालेत. पालक ती भरलेली वही अभिमानाने दाखवतात. मला ती वही पाहून वाईट वाटतं, कारण या वयात मनगटाची हाडंसुद्धा पुरती घडलेली नसतात, आणि अशी मुलं पहिलीत येतात ती पेन्सिल मुठीत आवळून, दोन ओळींत दमणारी. पेन्सिल कशी धरतं ते रंग भरताना आपोआप दिसतं. तेवढं पुरे.

जोड्या, क्रम, वर्गीकरण

हे टेबल सोपं आहे. झाकणं रंगाप्रमाणे वेगळी करायला द्या, तीन-चार चित्रं क्रमाने लावायला द्या. एवढं मात्र करा: मुलाने झाकणं लावली की "असं का ठेवलंस?" असं विचारा. एका मुलाने माझ्यासमोर लाल, निळी, हिरवी अशी सगळी सरमिसळ केली होती. विचारल्यावर म्हणाला, "ही पाण्याच्या बाटलीची, ही तेलाच्या." त्याचं वर्गीकरण माझ्यापेक्षा बारीक होतं.

मोजणं

या टेबलावर सगळ्यात जास्त फसगत होते. आई सांगते, "पन्नासपर्यंत येतात," आणि मूल खरोखरच एका दमात म्हणून दाखवतं. ते गाणं झालं. संख्या कळते का, ते पाहायचं असेल तर पुढचा क्रम धरा.

सात चिंचोके पसरून ठेवा आणि मोजायला सांगा. बोट आणि तोंड बरोबर चालतात का पाहा. पुष्कळ मुलांचं तोंड पुढे धावतं आणि सातांचे नऊ होतात. काही एकच चिंचोका दोनदा मोजतात. नोंद करा, दुरुस्त करू नका.

मोजून झाल्यावर विचारा, "मग किती आहेत?" इथे जरा थांबून बघा. काही मुलं पटकन "सात" म्हणतात. काही पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतात. तिसऱ्यांदा विचारलं तर तिसऱ्यांदा मोजतात. मोजताना शेवटी आलेला आकडा म्हणजे सगळ्यांची मिळून संख्या, हे त्यांना अजून उमगलेलं नाही. हा सगळा फरक त्या एका प्रश्नात उघडा पडतो.

त्यानंतर ढीग पुढे करून म्हणा, "मला पाच दे." हे मोजण्यापेक्षा अवघड आहे, कारण मनात पाच धरून ठेवायचे आणि तिथेच थांबायचं असतं. पन्नासपर्यंत म्हणणारी मुलं इथे ओंजळभर चिंचोके तुमच्या हातावर ठेवतात. आईचा चेहरा पडतो. तिला लगेच सांगा की हे या वयात होतंच, आणि घरी रोज ताटं मांडताना "चार वाट्या आण" असं म्हटलं की महिन्याभरात जमतं.

शेवटचा खेळ मी स्वतःसाठी खेळते. पाच चिंचोके एका ओळीत जवळजवळ ठेवायचे, तसेच पाच खाली. "सारखे आहेत का?" मूल हो म्हणतं. मग त्याच्या डोळ्यांदेखत खालची ओळ लांब पसरायची. "आता?" बरीच मुलं म्हणतात, "आता हे जास्त." स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी मुलांच्या विचाराचा हा टप्पा दाखवून दिला. इथे मूल चुकत नाही, त्या वयाचं डोकं असंच चालतं. हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली शिक्षिका पहिलीच्या पहिल्या महिन्यात फळ्यावर बेरजा लिहायला जात नाही. म्हणून नव्या बाईंनी तो खेळ जरूर करावा. विकासपत्रात नोंदवायची गरज नाही.

भाषा

घरच्या बोलीत बोलू द्या. अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी, कोरकू, गोंडी, वारली, जी असेल ती. तुम्हाला येत नसेल तर येणाऱ्या बाईला शेजारी बसवा. प्रमाण मराठीतला शब्द आला नाही म्हणून शब्द येत नाही असं लिहू नका. लाल भोपळ्याला कुठे डांगर म्हणतात, कुठे गंगाफळ, विदर्भात कोहळं. चित्रावर बोट ठेवून मुलगी "कोहळं" म्हणाली तर उत्तर पूर्ण बरोबर आहे.

"हे काय आहे?" असं विचारलं तर एका शब्दाचं उत्तर येतं. "इथे काय काय चाललंय, मला सांग" म्हणा. आणि मग गप्प राहा. नव्या माणसाला हे फार जड जातं. मूल दोन क्षण थांबलं की आपण दुसरा प्रश्न टाकतो, तेवढ्यात मागून आई "सांग ना, बाईंना सांग ना" सुरू करते, आणि मूल मिटून जातं. मनात दहापर्यंत मोजा. बहुतेक मुलं सातव्या-आठव्या आकड्याला बोलायला लागतात.

आवाजांचा एक छोटा खेळ घ्या. मका, मासा, केळं. यातल्या कोणत्या दोघांची सुरुवात सारखी? ज्या मुलाला हे ऐकू येतं, त्याला पुढे अक्षर ओळखणं सोपं जातं. अक्षरं येतात का तेही विचारा, पण आली नाहीत तर काळजीचं कारण नाही. ती शिकवायलाच आम्ही शाळेत आहोत.

मन आणि माणसं

या टेबलावर प्रश्न विचारून फारसं काही कळत नाही. "राग आला की काय करतोस?" याला मुलं आईकडे बघून उत्तर देतात. त्यापेक्षा नुसतं बघा. रांगेत दुसऱ्याची पाळी होईपर्यंत थांबता येतं का? मणी हातातून घेतले तर ओरडतं, रडतं की मागतं? आई चार पावलं मागे सरकली तर काय होतं? रडलं तर किती वेळाने शांत होतं, आणि कुणाजवळ? आजीजवळ शांत होतं हे मला कळलं, तर जूनमध्ये पहिले चार दिवस मी आजीला ओट्यावर बसवून घेते.

काही गोष्टी आईला विचारून घ्या, मुलाकडून करून घेऊ नका. शू लागली तर परक्या माणसाला सांगतं का? चड्डीची नाडी स्वतः सोडता-बांधता येते का? आपल्या हाताने जेवतं का? माझ्या इतक्या वर्षांच्या अनुभवात पहिलीच्या पहिल्या आठवड्यात मुलं शाळेला घाबरतात ती अक्षरांमुळे क्वचितच. सांगता न आल्यामुळे वर्गात ओली झालेली चड्डी आणि त्यावर हसलेली मुलं, यामुळे दुसऱ्या दिवशी दप्तर फेकून दिलं जातं. म्हणून नाडी येत नसेल तर मी पहिल्याच मेळाव्यात आईला सांगते, दोन महिने इलॅस्टिकची चड्डी घाल आणि शू लागली की सांगायची सवय लाव.

बोर्डी-कोसबाडला बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी, मुलं बालवाडीत येईनात तेव्हा बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली होती. मेळाव्यात एखादं मूल अजिबात उलगडलं नाही, सगळ्या रकान्यांत रिकामं राहिलं, तर मी तेच करते. त्याच आठवड्यात संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन ओट्यावर बसते. शेळीमागे पळणारं, भावाशी भांडणारं मूल बघितलं की कळतं, मेळाव्यातली गप्प नोंद खोटी होती. ती नोंद खोडून नवी लिहायला लाजू नका.

नोंद कशी लिहायची

मी प्रत्येक कृतीसमोर तीनपैकी एक खूण करते: स्वतः करतं, थोड्या मदतीने करतं, अजून करत नाही. आणि बाजूला एक ओळ, जे डोळ्यांनी दिसलं तेवढीच. "गणितात कच्चा" असं लिहिलं तर जूनमध्ये मला काहीच उपयोग होत नाही. "सात मोजले, किती विचारल्यावर पुन्हा मोजले" असं लिहिलंत तर पहिल्या दिवशी काय खेळायचं ते मला कळतं. हुशार, ढ, लाजाळू, आगाऊ हे शब्द कागदावर नकोत. मुलासमोर, इतर आयांसमोर तर नकोतच.

काही वेगळं दिसलं तर

पाठीमागून हाक मारल्यावर वळत नाही. चित्र डोळ्यांजवळ नेतं किंवा मान तिरकी करून बघतं. घरच्यांशिवाय कुणालाच त्याचं बोलणं कळत नाही. एकच हात वापरतं, दुसरा लोंबता राहतो. आधी येत असलेली गोष्ट आता येत नाही असं आई सांगते. यातलं काहीही दिसलं तर रोगाचं नाव घेऊ नका, अंदाजही सांगू नका. गर्दी ओसरल्यावर आईला बाजूला घ्या आणि तुम्ही काय पाहिलंत ते सांगा, "डॉक्टरांना एकदा दाखवू या" म्हणा.

दाखवायचं कुठे हे माहीत असायला हवं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा तपासतं. या कार्यक्रमाची सुरुवात २०१३ साली आपल्या पालघरमध्येच झाली. पथकाची तारीख सेविकाताईंकडे असते. पुढची तपासणी आणि उपचार जिल्हा पातळीवर होतात. शाळेच्या बाजूने तालुक्याच्या गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना कळवा. ऐकू कमी येणारं मूल वर्षभर "लक्ष देत नाही" म्हणून मागच्या बाकावर बसलेलं मी पाहिलं आहे, आणि ती चूक माझ्याच वर्गात झाली होती. तेव्हापासून पाठीमागून हाक मारून बघितल्याशिवाय मी एकही विकासपत्र पूर्ण करत नाही.

आईशी बोलताना

शेवटच्या टेबलावर सगळ्यात शांत आणि अनुभवी माणूस बसवा. आधी मुलाला काय छान जमलं ते सांगा, खरं असेल तेच. मग एकच काम द्या. पाच कामं दिली की एकही होत नाही. काम घरातलंच हवं: कांदे-बटाटे वेगळे करणं, कपड्यांच्या घड्या, डाळ निवडणं, पायऱ्या मोजत उतरणं, झोपताना दिवसभरात काय झालं ते मुलाकडून ऐकणं. वाचता न येणाऱ्या आयांना कागद देऊन उपयोग नाही, त्यांना करून दाखवा आणि वाडीवरच्या माता गटाशी जोडून द्या. गटात पाच-सहा जणी असल्या आणि त्यांतली एक पुढाकार घेणारी असली की दर आठवड्याची कृती सगळ्यांपर्यंत पोचते. वडील आले असतील तर त्यांनाही काम द्या. चेंडू झेलायला शिकवणं त्यांना चांगलं जमतं.

"आमचा पाच पूर्ण झालाय, बसवून घ्या ना पहिलीत," असा आग्रह दरवर्षी होतो. त्याला अंगणवाडीतच राहू द्या. तिथलं एक वर्ष वाया जात नाही.

जूनचा मेळावा

त्याच कृती घ्या, त्याच क्रमाने, जमलं तर त्याच माणसाने. एप्रिलची आणि जूनची नोंद शेजारी ठेवून बघा. तुलना मुलाची त्याच्याशीच करायची. तीन रकान्यांत बदल झाला नसेल तर घरी सराव झाला नाही की आपण दिलेलं कामच चुकीचं होतं, हे आईला विचारा.

यानंतर विकासपत्रं पहिलीच्या बाईंच्या हातात गेली पाहिजेत, मुख्याध्यापकांच्या कपाटात नाही. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० नंतर आलेला 'विद्या प्रवेश' हा खेळातून शिकण्याचा बारा आठवड्यांचा कार्यक्रम याच वेळी सुरू होतो, आणि कुणाला कुठल्या खेळात घ्यायचं ते या नोंदींवरून ठरवता येतं. मी जुलैअखेरपर्यंत पत्रं टेबलाच्या खणातच ठेवते.

आणि ज्या घरची माणसं दिवाळीच्या सुमाराला पुन्हा ऊसतोडीला निघणार आहेत, त्यांच्या विकासपत्राची झेरॉक्स आत्ताच काढून ठेवा. निघताना शिक्षण हमी पत्रक द्यायचं असतं, म्हणजे स्थलांतर केलेल्या मुलाचं शिक्षण नव्या ठिकाणच्या शाळेत चालू राहावं म्हणून दिलेला कागद. त्याला ही झेरॉक्स टाचून आईच्या हातात द्या, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेतल्या बाईंना त्या लेकराला पहिल्यापासून तपासत बसावं लागणार नाही.